टूवूंबाच्या दूर्वा आणि कीव्हची गादी

ऑस्ट्रेलियाहून परत आल्यापासून देवरुखात जो भेटतो तो विचारतो, "काय कुमुदताई, कांगारू बघितलात का?" बघितला. एक. तोही गाडीतून, आणि तो पाठ करून उभा होता. कांगारूंबद्दल मला फार काही सांगता यायचं नाही. मी तिकडून माहिती घेऊन आले ती नऊशे-हजार वर्षांपूर्वीच्या राजपुत्रांची, आणि ते राजपुत्रही ऑस्ट्रेलियाचे नव्हेत, कीव्हचे! हे कसं झालं ते प्रत्येकाला उभ्या उभ्या सांगून माझा घसा बसला, म्हणून आता लिहूनच काढते. माझी शाळा सातवीपर्यंत, पुढचं सगळं वाचनालयाच्या कृपेने. चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

आधी गेले कशाला ते सांगते. माझ्या भावाला तीन मुलगे. थोरला सुहास सगळ्यांत आधी ऑस्ट्रेलियाला गेला आणि जाताना घरातली पितळी गणपतीची मूर्ती मांडीवर घेऊन गेला. त्याच्या मागून मिलिंद गेला, मग अभय. आमच्या घराण्यात चुली वेगळ्या झाल्या तरी गणपती एकच. दुसरा बसवायचा नाही. भावांनी पाळी लावायची आणि ज्याची पाळी त्याच्या घरी बाकीच्यांनी जमायचं. तिकडेही तसंच छान चाललं होतं. सुहास अचानक वारला आणि घोळ सुरू झाला. मिलिंद म्हणतो, "आता मोठा मी, म्हणजे सुहासदादाची पाळी माझ्याकडे आली. तीन वर्षांतली दोन माझी." अभय म्हणतो, "दोघेच उरलो ना? मग एक वर्ष तुझं, एक माझं." मागच्या खेपेला मूर्ती अभयकडे टूवूंबाला गेली ती तिथेच राहिली. यंदा गणपती तोंडावर आले तरी दोघं फोनवरसुद्धा बोलेनात.

मिलिंदने मला तिकीट पाठवलं. "आत्या, तू ये. तुझं तो ऐकेल." दुसऱ्या दिवशी अभयचा फोन. "आत्या, येतेयस ना? मिलिंदला जरा समजाव." म्हणजे मी दोघांच्याही बाजूची! माहेरचा गणपती माझ्या डोळ्यांदेखत दोन घरांत फुटतोय की काय, ही धास्ती घेऊन मी विमानात बसले.

वेस्टमीड

सिडनीच्या विमानतळावर उतरल्या उतरल्या माझी पहिली फजिती झाली. तिकडे दूर्वा कुठून मिळणार म्हणून मी ओल्या फडक्यात गुंडाळून दूर्वांची जुडी नेली होती. तपासणीच्या टेबलावर एका उंच गोऱ्या बाईने ती उलगडली आणि माझ्याकडे पाहिलं.

"ग्रास?" ती म्हणाली.

"गॉडचं," मी म्हटलं.

ती हसली, "सॉरी, डार्लिंग," म्हणाली आणि जुडी पिशवीत टाकून घेऊन गेली. मेतकूट मात्र तिने हुंगून परत दिलं. उभ्या आयुष्यात मला कोणी डार्लिंग म्हटलं नव्हतं, त्यामुळे दूर्वांचं दुःख जरा कमी झालं.

मिलिंद वेस्टमीडला राहतो. तिथल्या मोठ्या हॉस्पिटलात कम्प्युटर सांभाळतो. ते हॉस्पिटल म्हणजे एक गावच आहे. सकाळी ट्रेनमधून डॉक्टर, नर्सा, लॅबवाले असे घोळक्याने उतरतात, की मला आपल्या आठवडी बाजाराची आठवण झाली. फक्त इथे कोणी कोणाला हाक मारत नाही. बस थांबली की उतरताना ड्रायव्हरला प्रत्येक जण थँक्यू म्हणतो, हे मला फार आवडलं. मी देवरुखात आल्यावर एसटीच्या ड्रायव्हरला म्हटलं, तर त्याने काळजीने विचारलं, "आजी, बऱ्या आहात ना?"

मिलिंदने पहिल्याच जेवणाला त्याची बाजू मांडली. मी भात कालवत ऐकून घेतलं. तेवढ्यात ऋजुता आली. ऋजुता म्हणजे सुहासची मुलगी. बाप गेल्यावर आईबरोबर पुण्याला परतली होती, मग शिकायला पुन्हा सिडनीला आली, आणि आता त्याच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लागली आहे. राहते शेजारच्या हॅरिस पार्कला, भाड्याच्या फ्लॅटमध्ये. शिफ्ट संपवून थेट आली होती, हातात जिलब्यांचा पुडा.

"आत्याआजी, फायनली!" म्हणून गळ्यात पडली. मग हात धुताना सहज म्हणाली, "काका, यंदा बाप्पा कुणाकडे? नाही, मला शिफ्ट स्वॅप करावी लागते, म्हणून विचारतेय. लास्ट इयरला मला आदल्या दिवशी कळलं. टूवूंबाचं तिकीटच नाही मिळालं."

"ठरलं की सांगतो गं तुला," मिलिंद म्हणाला आणि लोणच्याची बरणी पुढे केली.

टूवूंबा

ब्रिस्बेनला विमानाने जायचं आणि तिथून गाडीने घाट चढून वर. वर पोचल्यावर मी अभयला गाडी थांबवायलाच लावली. माती लाल! आपल्यासारखी, पायताणाला चिकटणारी, धुतलेल्या कपड्यांवर डाग पाडणारी लाल माती. वारा मात्र आपला नव्हे. कानात सुया टोचतात. अभय शेतांना पाणी पोचवणाऱ्या योजनांचं काम करतो, त्याची बायको स्नेहल हॉस्पिटलात नर्स आहे. सकाळी दोघं दोन गाड्या काढून जातात. बस म्हणाल तर कधीतरी एखादी, तीही रिकामी. म्हणजे दिवसभर मी, ती पितळी मूर्ती आणि शेजारच्या घराचं कुंपण.

त्या कुंपणापलीकडे माझ्याच वयाची एक बाई वाफ्यात बसून गवत उपटत होती आणि तोंडाने काहीतरी पुटपुटत होती. शिव्याच असाव्यात, कुठल्याही भाषेत कळतात. तिने उपटलेली मूठ वर केली आणि मी ओरडले, "नो! नो थ्रो!"

दूर्वा होत्या! तीन-तीन पात्यांच्या, कोवळ्या, हिरव्यागार दूर्वा. विमानतळावर माझ्याकडून घेतल्या आणि इथे अख्ख्या देशाच्या अंगणात त्यांची हिरवळ लावून ठेवली आहे. आणि ही बाई त्यांना तण म्हणून खणून काढत होती!

तिचं नाव व्हेरा. गाव चेर्निहिव्ह, युक्रेनमधलं. तिथे शाळेत इतिहास शिकवायची. लढाई दाराशी आली तेव्हा लेक तिला इकडे घेऊन आली. याबद्दल ती एवढंच बोलली आणि मीही पुढे विचारलं नाही. तिचं इंग्रजी माझ्याच जातीचं, क्रियापदं घरी विसरून आलेलं. त्यामुळे आम्हा दोघींना एकमेकींचं सगळं कळायचं. दूर्वा कशाला, ते मी सांगितलं. मग गणपतीचं, मग ओघाने पाळीचं, मग दोन भाच्यांचं. व्हेराने हातातलं खुरपं खाली ठेवलं.

"ये," म्हणाली. "आत ये. तुझी फॅमिली मला माहितीये."

मला वाटलं, स्नेहलने काही सांगितलं असेल. तसं नव्हतं. तिने ओट्यावर कणीक काढली. त्यांच्याकडे वारेनिकी म्हणून करतात. मैद्याची पारी, आत बटाटा नाहीतर आंबट चेरी, कडा दुमडायच्या आणि उकळत्या पाण्यात सोडायच्या. करंजीने पोहायला शिकावं तसा प्रकार. मीही हात धुवून मुरड घालायला बसले. माझी मुरड बघून ती म्हणाली, "टीचर तू, स्टुडंट मी." आणि मग तिने शिकवायला घेतलं.

फार पूर्वी तिकडे रुस नावाचं मोठं राज्य होतं. आजचा युक्रेन, बेलारूस, रशियाचा बराचसा भाग, सगळं त्यात. गादी कीव्हला. यारोस्लाव नावाचा शहाणा राजा वारला तेव्हा त्याचे पाच मुलगे हयात होते. व्हेराने पाच बशा ओळीने मांडल्या आणि प्रत्येकीत एक वारेनिक ठेवलं. सगळ्यांत मोठी बशी कीव्ह, ती थोरल्याची. दुसरी चेर्निहिव्ह, "माझं गाव!" असं म्हणून तिने ती बशी पदराने पुसावी तशी एप्रनने पुसली. तिसरी पेरेयास्लाव, आणि पुढे आणखी दोन. तिकडे बापानंतर मुलगा बसत नसे; भावामागून भाऊ. वरची बशी रिकामी झाली की खालच्यांनी एकेक बशी वर सरकायचं.

"पाळी!" मी म्हटलं.

"पाळी," व्हेरा म्हणाली. हा शब्द तिला इतका आवडला की पुढे सगळा इतिहास तिने 'पाळी'नेच सांगितला.

सगळ्यांच्या नावांना शेवटी स्लाव लागलेलं, माझा तर नुसता गोंधळ. म्हणून मी आपलं वरच्या तीन बशांच्या मालकांना थोरला, मधला, धाकटा असं धरून चालले. काही वर्षं बरी गेली. मग मधल्याने आणि धाकट्याने संगनमत करून थोरल्याला कीव्हमधून हाकललं आणि मधला गादीवर बसला. पुढे तो मेला. मग त्याचे मुलगे विरुद्ध चुलते, चुलते विरुद्ध पुतणे, आज चेर्निहिव्ह याचं, उद्या त्याचं, आणि मधल्या मधे शेतं जळतायत. व्हेरा बशा अशा भराभर फिरवत होती की एक वारेनिक जमिनीवर पडलं.

"मग मिटलं कसं?" मी विचारलं. मला माझ्या कामाचं तेवढं हवं होतं.

"ल्युबेच," ती म्हणाली. तिच्या गावाजवळचंच ठिकाण. तिथे सगळे चुलतभाऊ जमले आणि म्हणाले, आपण का भांडतोय? यापुढे पाळी बंद. प्रत्येकाने आपल्या बापाची जहागीर आपल्यापाशी ठेवावी. क्रॉसला ओठ लावून शपथा घेतल्या.

हे ऐकल्यावर मला काही धीर धरवेना. मी पडले पुस्तकं वाचून शहाणी झालेली! व्हेराचं बोलणं अर्ध्यावर टाकून मी घरी आले आणि संध्याकाळी अभयला समोर बसवून मिलिंदला फोन लावला, व्हिडिओवर. दोघं किती दिवसांनी एकमेकांचं तोंड बघत होते. मी ल्युबेच करायला निघाले होते.

"हे बघा," मी म्हटलं, "भांडता कशाला? पाळीबिळी राहू द्या. ज्याचं त्याने आपापलं राखावं."

"एक्झॅक्टली!" मिलिंद म्हणाला. "मी हेच म्हणत होतो. अभयने ती मूर्ती ठेवावी. मी नवी मागवतो."

"नो वरीज," अभय म्हणाला. "तुझा तिकडे, माझा इकडे. प्रॉब्लेम सॉल्व्ह्ड."

"आत्या, यू आर अ जीनियस!"

आणि फोन ठेवला. एवढ्या वर्षांत या दोघांचं कशावर एकमत झालं असेल तर ते माझ्या तोंडून घर फोडण्यावर! मी देवासमोर जाऊन बसले. आजोबांच्या वेळेपासूनचा एक गणपती मी चहाच्या एका कपात दोन करून टाकला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच व्हेराचं दार वाजवलं. तिने ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला, अगदी आपल्या बायका लावतात तसा.

"तू थांबली नाहीस," ती म्हणाली. "गोष्ट अर्धी घेऊन पळालीस."

उरलेली अर्धी अशी. शपथा घेऊन सगळे घोड्यांवर बसले. परतीच्या वाटेवरच एका राजपुत्राला कीव्हला जेवायला म्हणून बोलावलं आणि पकडून त्याचे डोळे काढले. त्याचेच नातलग! शपथेचा ओलावा ओठांवरून गेला नव्हता. आणि पुढे हळूहळू रुस एक राहिलंच नाही. ज्याचं त्याचं वेगळं, ज्याची त्याची भिंत.

"त्या बिचाऱ्याने काय केलं होतं?"

"काही नाही. त्याला कोणी नव्हतं." मग व्हेराने मला एक शब्द शिकवला, इझगोय. ज्याचा बाप स्वतःची पाळी येण्याआधीच वारला, त्या मुलाला कधीच पाळी नाही. त्याची बशीच ओळीतून काढून टाकायची. या राजपुत्राचा आजा, यारोस्लावचाच आणखी एक मुलगा, असाच आपल्या बापाआधी वारला होता, त्यामुळे ते अख्खं घरच ओळीबाहेर. व्हेराने दाखवायला म्हणून एक बशी उचलली आणि सिंकमध्ये ठेवली.

मी त्या सिंकमधल्या बशीकडे बघत राहिले. मला जिलब्यांचा पुडा दिसायला लागला. 'काका, यंदा बाप्पा कुणाकडे? मला शिफ्ट स्वॅप करावी लागते.'

सुहासची पाळी. एक म्हणतो ती माझ्याकडे आली, दुसरा म्हणतो ती रद्द झाली. सुहासला मुलगी आहे हे दोघांच्याही हिशेबात नाही. पोरगी एका ट्रेनच्या अंतरावर राहते आणि दर वर्षी पाहुण्यासारखी तारीख विचारते.

"व्हेरा," मी विचारलं, "पाळी सोडून दुसऱ्याच कोणाला बसवलं, असं कधी झालं का गं?"

"झालं की. कीव्हच्या लोकांनीच एकदा ओळ मोडून धाकट्याच्या मुलाला बोलावलं. सगळ्यांत चांगला राजा तोच निघाला." मग बोट वर करून म्हणाली, "पण आधी तो नको नको म्हणत होता."

त्या रात्रीच्या जेवणाला मी अभयला सांगितलं, मूर्ती मी नेणार, ऋजुताकडे. त्याने चमचा खाली ठेवला. "म्हणजे मिलिंदकडे नाही ना?" "नाही." "मग चालेल." मिलिंदला फोन केला. "ऋजुता? तिला काय येतं?" "तुला तरी काय येत होतं? तुझ्या पहिल्या गणपतीला प्राणप्रतिष्ठेच्या ऐन वेळी जानवं शोधत फिरत होतास." तो म्हणाला, "अभयकडे राहत नाहीये ना? मग ठीक आहे." दुसऱ्याला मिळू नये या एका कारणासाठी दोघं राजी झाले. येणार का, विचारलं तर मिलिंद म्हणाला, आरतीपुरता बघतो. अभय म्हणाला, काम आहे, जमणार नाही.

हॅरिस पार्क

मूर्ती मी माझ्या इरकली लुगड्यात गुंडाळून मांडीवर घेऊन आले, सुहासने नेली होती तशी. ब्रिस्बेनच्या तपासणीत पडद्यावर ती दिसली तशी तिथला सरदारजी पोरगा नुसतं हसला आणि पिशवी दोन्ही हातांनी उचलून दिली.

पॅरामाटा स्टेशनवरून चालत हॅरिस पार्क. रस्ताभर हिंगाचे डबे, मिठाईची दुकानं, तव्याचा वास. मी एका ठिकाणी चक्क भाजीवाल्याशी मराठीत घासाघीस केली आणि तो गुजराती निघाला. ऋजुताचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. तिच्याबरोबर प्रमिला नावाची नेपाळी मुलगी राहते. मी लुगड्याची गुंडाळी सोडून मूर्ती टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "यंदा तुझी पाळी."

मला वाटलं होतं, पोरगी उड्या मारेल. ती हाताची घडी घालून उभी राहिली.

"आत्याआजी, खरं सांग. त्या दोघांचं भांडण सेटल होत नाही, म्हणून मी का? लाइक, न्यूट्रल ग्राउंड?"

"त्यांचं मिटो न मिटो," मी म्हटलं. "ही पाळी तुझ्या बाबाची आहे. तो गेला म्हणून ती हवेत विरली नाही. तुला नको असेल तर नको म्हण, पण तू म्हण. दुसऱ्या कोणी तुझ्या वतीने म्हणू नये."

तिने बोटाने सोंडेवरचा डाग घासला. "बाबा चिंचेने घासायचा," म्हणाली. "चिंच आहे माझ्याकडे." आणि स्वयंपाकघरात गेली. जरा वेळाने आतून आवाज आला, "बट मला मोदक येत नाहीत हां!"

मोदकपात्र नव्हतंच. प्रमिलाने तिचं मोमोचं भांडं काढून दिलं. पहिला घाणा उतरल्यावर एक तोंडात टाकून म्हणाली, "आंटीजी, ये तो मीठा मोमो है!" दूर्वा ऋजुताने खालच्या हिरवळीतून आणल्या, एका गोऱ्या आजोबांनी विचारलं काय हरवलं म्हणून, आणि तेही शोधायला वाकले.

गणेश चतुर्थीला मिलिंद बायकोसह आला, आणि दाराशीच म्हणाला, "आरती झाली की निघतो." ऋजुता पाटावर बसली. तेवढ्यात बेल वाजली. दारात अभय आणि स्नेहल! रात्रीचा मुक्काम करत, टूवूंबापासून गाडी चालवत आले होते. हातात एस्की, म्हणजे तिकडची गारव्याची पेटी, आत बर्फात व्हेराने दिलेल्या चेरीच्या वारेनिकी. दोघं भाऊ एकमेकांना बघून असे उभे राहिले, जशी काही पाठीमागे दोघांची सैन्यं उभी आहेत.

ऋजुताने पूजा सुरू केली आणि यांची तोंडं उघडली.

"आधी शंख गं."

"घंटा आधी. सुहासदादा घंटा आधी घ्यायचा."

"काहीही. दादा आधी काडेपेटी शोधायचा!"

अभय फस्सकन हसला. खरंच, सुहास दर वर्षी सोवळं नेसून काडेपेटी शोधत फिरायचा. ऋजुताने पाटावरून वळून पाहिलं. "काका... काडेपेटी नाहीये."

प्रमिलाने शेगडीवर उदबत्ती पेटवून आणली. आम्हाला वाटलं झालं. मी उत्साहाने धूपही घातला. आणि छतावरून अशी किंकाळी सुरू झाली की मी गणपतीलाच मिठी मारली. तिकडे प्रत्येक घराच्या छताला धुराची शिट्टी असते, आपल्या देवांची तिला मुळीच सवय नाही.

"टॉवेल! टॉवेल!" मिलिंद खुर्चीवर चढला.

"तू पोचत नाहीस, सरक!" अभय त्याच खुर्चीवर चढला.

एक खुर्ची, वर दोन पोट सुटलेले भाचे, एकाने दुसऱ्याच्या कमरेला धरलेलं, आणि दोघं मिळून एक टॉवेल छताखाली घुमवतायत. खाली ऋजुता हसून हसून पाटावरून कलंडली. "थांबली! अरे, थांबली!" शिट्टी थांबली, पण ते दोघं काही लगेच उतरले नाहीत. मिलिंद म्हणाला, "तू बारीक झालायस." अभय म्हणाला, "तू नाही झालास." मग उतरले.

आरतीला शेजारपाजारचे चौघं-पाचजण दार वाजवून आले. कोणी तक्रार करायला, कोणी बघायला. सगळ्यांना मोदक मिळाले. मिलिंद निघतो म्हणाला होता तो जेवून, वारेनिकींवर तूप घेऊन, तिथेच सतरंजीवर लवंडला.

मग व्हायचं तेच झालं. अभय म्हणाला, "पुढच्या वर्षी मग मी." मिलिंद एका कोपरावर उठला, "कसा काय? ऋजुतानंतर मी. वयाने बघ." मला वाटलं, झालं पुन्हा सुरू. आवाज मात्र आता वेगळे होते, पत्ते खेळताना भांडावं तसे.

ऋजुताने मोदकाचं ताट मधोमध ठेवलं. "एक्स्क्यूज मी. मूर्ती माझ्याकडे आहे ना? मग पुढचं मी सांगणार. आत्याआजी या घरातलीच ना? आजोबांची बहीण? तिला कधी पाळी मिळाली?"

लेकींना पाळी नसते, हे आमच्या घरात कोणी कधी ठरवलं नव्हतं. तशी वेळच आली नव्हती, ती बशी ओळीत मांडलीच नव्हती.

"पुढच्या वर्षी देवरुख," ऋजुता म्हणाली. "आणि तुम्ही दोघं येणार. आत्ताच लीव्ह टाका."

तर मंडळी, मूर्ती माझ्या देवघरात आहे. चिंचेने घासून लख्ख केलेली. दोघा भाच्यांची तिकिटं काढून झाली आहेत. माडीवरची वाऱ्याची खोली कोणाची, यावरून रोज फोनवर भांडतात, म्हणजे रोज बोलतात. व्हेराला मी मूर्तीचा फोटो पाठवला. तिने उलट तिच्या वाफ्याचा पाठवला. टोमॅटोच्या शेजारी एक चौकोन तिने खणायचा सोडून दिलाय. तिथे दूर्वा माजल्या आहेत, आणि मधे काडीला पाटी बांधली आहे. त्यावर तिच्या लिपीत काय लिहिलंय ते मी विचारलं.

म्हणाली, "कुमुदची पाळी."